आधीची मुलं

शनिवार-रविवारी राजगडावर चढणारी मंडळी दुपारी पालीत उतरली की त्यातली निम्मी सुलक्षणाच्या ओट्यावर टेकतात. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, कांदा. बाई हाताची मोकळी. चौथी भाकरी मागितली तरी तोंड वाकडं करत नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांना मात्र एक गोष्ट ठाऊक झाली होती. बरोबर दोन वाजता तिचा हात थांबतो. भाकरी तव्यावर असली तरी थांबतो. ती आतल्या खोलीच्या दाराकडे मान वळवते, हळूच म्हणते, "झालं बाळा, झालं," आणि मग भाकरी उलटते. तोवर एक बाजू करपलेली असते. ती भाकरी तिचा नवरा धनाजी काही न बोलता आपल्या ताटात घेतो.

आतल्या खोलीत कुणी नसतं. तिथं पिठाचे डबे आहेत, गाद्यांची वळकटी आहे आणि खिडकीला एक निळा पडदा आहे. पण सुलक्षणाला तिथून ऐकू येतं, "आई, झालं का?" आवाज त्यांच्या स्नेहलचा. आणि स्नेहलला जाऊन अकरा महिने झाले होते.

स्नेहल दहा वर्षांची होती. पायाच्या हाडात सुरू झालेला कॅन्सर फुप्फुसात उतरला. पुण्याच्या दवाखान्यातली होती नव्हती ती सगळी औषधं देऊन संपली, तेव्हा डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीबद्दल विचारलं. आईबापांनी सही केली. सकाळी दहाला औषध चढवायचे, मग अकराला, बाराला, दोनला आणि सहाला रक्त काढायचे. अंगात औषध किती उरलं ते बघायला. सुई टोचताना स्नेहल डोळे घट्ट मिटून घ्यायची आणि एवढंच विचारायची, झालं का? असं चार महिने विचारलं. मग ती गेली, पण विचारणं काही थांबलं नाही. अकरा, बारा, दोन, सहा. घरातलं घड्याळ बंद पडलं असतं तरी सुलक्षणाला वेळ कळली असती.

शेजारच्या ठकुबाई म्हणायच्या, "अगं, पोरीचा जीव अडाकलाय हितं. जाणता मानूस बघून मंत्रानं घर बांधून घे." ठकुबाईंचं मन चांगलं, सल्ले तेवढे भलतेच. सुलक्षणा हूं हूं करायची आणि विषय बदलायची. आवाज गेला तर मागं काय राहणार, तो निळा पडदा? पण खरं सांगायचं तर तिला त्या आवाजाची भीतीही वाटायची. पोरगी सुईचं विचारत नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं. पोरगी वेगळंच काही विचारते आहे, आणि ते काय ते आपल्या एकटीलाच माहीत आहे, असं तिला वाटायचं.

त्या रविवारी अडीचच्या सुमाराला मार्गासनीकडून आलेल्या जीपमधून एक बाई उतरली. हातात कागदांची पिशवी, पायांत घाईनं घातलेल्या घरच्या चपला. सुलक्षणानं चुलीपासूनच तिला ओळखलं. ती सारोळ्याची संजीवनी. हायवेला पुलाजवळ तिच्या नवऱ्याचं टायरचं दुकान आहे. तिचा प्रशिक आणि स्नेहल एकाच वॉर्डात समोरासमोरच्या कॉटवर होते, दोघांना एकच दुखणं. प्रशिकचा पाय गेला, पण पोरगा बरा होऊन घरी गेला होता. जाताना संजीवनी सुलक्षणाच्या नजरेला नजर न देता गेली होती. आपलं बरं झालेलं पोर दुसरीसमोरून नेताना आईला लाज वाटते, हे त्या वॉर्डात राहिल्याशिवाय कळायचं नाही.

"प्रशिक कसाय?" सुलक्षणानं पाण्याचा तांब्या पुढं करत विचारलं.

"परत आलंय, ताई. छातीत."

सुलक्षणानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. ओट्यावरचं शेवटचं टोळकं हात धूत होतं. धनाजी त्यांची ताटं गोळा करत होता. त्यानंही ऐकलं, पण मान वर केली नाही.

संजीवनी भिंतीला टेकून बसली. "त्याच औषधाचं इचारत्यात, ताई. स्नेहलला दिलेलं ते. उद्या दहा वाजता हो का न्हाई सांगायचंय. ह्यांनी सगळं माझ्यावर सोडलंय, तू म्हणशील तसं म्हणत्यात. डॉक्टरांनी दोन तास बसवून सांगितलं. कागद मराठीत हाये, म्या तीनदा वाचला. त्यात लिवलंय, ह्यानं बरं व्हईल असं आमी म्हणत न्हाई. मग कशाला देता म्हटलं, तर म्हणाले, पुढच्या मुलांसाठी. आणि झाला तर ह्यालाबी उपयोग व्हईल. झाला तर." तिनं कागदांची पिशवी मांडीवर ओढली. "डॉक्टर वाईट न्हाईत. पण ते डॉक्टर हायेत. मला सही केलेल्या आईला इचारायचंय. ती वेळ परत आली, तर तुमी सही कराल का?"

एवढंच विचारायला ती बाई तीन गाड्या बदलून आली होती. सुलक्षणाला फोनवर विचारलं असतं तर तिनं काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती, आणि हे बहुधा संजीवनीलाही कळत होतं.

सुलक्षणाजवळ या प्रश्नाचं एक तयार उत्तर होतं. गावात कुणीही विचारलं की ती तेच द्यायची. तिनं तेच दिलं.

"आमी कुठं ठरवलं? भैरवनाथानं कौल दिला. उजवा दिला. मग केली सही."

गावाला ठाऊक असलेली गोष्ट अशी. धनाजी चाचणीच्या विरुद्ध होता. डॉक्टरच म्हणतात बरी होणार नाही, मग पोरीला कशाला टोचायचं, घरी नेऊ, गड दाखवू, तिला पाहिजे ते खाऊ घालू, असं त्याचं म्हणणं. सुलक्षणाला फक्त 'नवीन औषध' एवढंच ऐकू आलं होतं. ठरवायला म्हणून डॉक्टरांनी आठ दिवस पोरीला गावी सोडलं होतं, ते आठ दिवस नवराबायको एकमेकांशी धड बोलले नाहीत. मग धनाजीच म्हणाला, आपण कशाला भांडायचं, देवाला विचारू. पालीत अडल्या कामाला अजूनही कौल लावतात. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली पाकळी चिकटवायची आणि बसून राहायचं. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गोरख गुरवानं पाकळ्या लावल्या. घटकाभरात उजवी पडली. डावी मात्र तीन दिवस जागची हलली नाही. गोरख आजही सांगतो, बापजन्मात असला स्वच्छ कौल बघितला नाही, देवानं नकार नुसता मुठीत धरून ठेवला होता.

धनाजीनं त्याच दिवशी पुण्याला फोन केला. नंतर एका शब्दानं वाद घातला नाही. पण स्नेहल गेली तेव्हापासून तो देवळाची पायरी चढलेला नाही. पालखीला खांदा देणारा माणूस. शेताची वाट देवळावरून जाते म्हणून तो ओढ्याच्या अंगानं वळसा घालून जातो. गाव म्हणतं, धनाजी देवावर रुसला. सुलक्षणा रोज सकाळी त्याला वळसा घालताना बघते.

संजीवनीनं कौलाचं सगळं ऐकून घेतलं. "आमच्यात कौल नसतो, ताई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोचणं नव्हतं, दमलेपण होतं. "म्हणून तर माणसाला इचाराया आले. पण तुमच्या देवानं उजवा दिला, म्हंजी तुमी सारासार करूनच केलं म्हणायचं. मला तेवढा आधार पुरं. आणि आता औषधबी निम्मंच देत्यात म्हणे. डॉक्टर म्हणाले, जास्त सोसत न्हाई हे आधीच्या मुलांवरनं कळलं."

आधीची मुलं.

सुलक्षणाला क्षणभर कळलंच नाही की ही आपल्याच पोरीबद्दल बोलते आहे. मग कळलं. तळहातांची सालं निघाली होती, ते कळलं होतं डॉक्टरांना. तोंड इतकं आलं होतं की चौथ्या महिन्यात पाण्याचा घोट जाईना, तेही कळलं होतं. कुठंतरी कुणीतरी ते लिहून घेतलं आणि त्या लिहिण्यातून आता प्रशिकला निम्मं औषध मिळणार होतं. तिला राग यावा की बरं वाटावं ते समजेना. दोन्ही वाटलं, एकाच वेळी. आपली लेक कुणाच्या तरी कामाला आली याचं समाधान एवढं जड असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

संजीवनी पिशवी आवरायला लागली. चेहऱ्यावर, ठरलं बाई एकदाचं, असा सुटकेचा भाव. सुलक्षणाला तो भाव ओळखीचा होता. कौल पडल्यावर धनाजीच्या तोंडावर तिनं तोच बघितला होता. आता ही बाई तोच खोटा आधार उराशी धरून सारोळ्याला जाणार आणि त्याच्यावर आपलं पोर ठेवणार.

"थांब," सुलक्षणा म्हणाली. "कौल देवाचा नव्हता. माझा व्हता."

ओट्यावर धनाजी ताटांची चळत घेऊन उभा होता. गिऱ्हाईक निघून गेलं होतं. तो ऐकतो आहे हे तिला दिसत होतं. अकरा महिने तिनं याच एका क्षणाची धास्ती घेतली होती. त्याला कळलं तर तो आपल्याला घरात ठेवील की नाही, इथपर्यंत तिचं मन जाऊन आलं होतं. पण एकदा तोंड उघडल्यावर मिटायचं कसं?

"पाकळ्यांचं ताट माझ्या हातात व्हतं," ती संजीवनीकडे बघून सांगू लागली. "उजवीकडची पाकळी म्या नुसती पाण्यातनं काढून गोरखच्या हातात दिली. डावीकडची देताना तिच्या पाठीला पीठ लावलं. भाकरीचं कालवल्यालं पीठ, पदराच्या गाठीत नेलं व्हतं. ते वाळलं की खरवडल्याबिगर निघत न्हाई. ती पडणारच नव्हती. देव काय करील बिचारा?" तिचा आवाज कोरडा होता. "ह्यांचं खरं व्हतं. पोरीला घरीच ठिवायचं व्हतं. मला धीर निघना. घरी ठिवायचं म्हंजी ती जाणार असं कबूल करायचं, ते मला व्हईना. म्हणून म्या देवाला फशिवलं, ह्यांना फशिवलं."

"आणि स्नेहल?" संजीवनीनं विचारलं. "तिलाबी इचारत्यात ना? पोरांचा होकार कॅमेऱ्यात घेत्यात तवा?"

"इचारलं. डॉक्टर तिच्याजवळ वाकून बसले. सोप्या भाषेत सगळं सांगितलं, सुया किती, त्रास काय व्हईल, नको असलं तर नको म्हण, कुणी रागावणार न्हाई. तिनं आधी माझ्याकडं बघितलं. म्या हसले. मग ती हो म्हणाली."

धनाजीनं ताटं खाली ठेवली. आवाज होऊ नये म्हणून अगदी हळू ठेवली. मग तो उंबऱ्यात येऊन बसला. सुलक्षणानं त्याच्याकडे बघितलं नाही. जे काही व्हायचं ते होऊ दे, अशी ती मान खाली घालून बसली होती.

"मला म्हाईत हाये," धनाजी म्हणाला.

तिनं मान वर केली.

"तवापास्नं म्हाईत हाये. औषध सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात, तू खाली औषधं आणाया गेलीवतीस तवा पोरीनं सांगितलं. आपण कौल लावला तवा ती देवळाच्या पायरीवर बसली व्हती. तिनं बघितलं व्हतं तुला पीठ लावताना." तो तळहात गुडघ्यांवर चोळत बोलत होता. रागाचा मागमूस नव्हता आणि त्यामुळेच ते ऐकवत नव्हतं. "म्हणाली, पप्पा, आईला रागवू नका. तिला सांगूबी नका म्या बघितलं म्हणून. म्या म्हटलं, मग चल, आत्ताच्या आत्ता घरी जाऊ. डॉक्टरांनी सांगितल्यालंच व्हतं, कवाबी सोडा, कारण सांगाया लागत न्हाई. म्या उठून तिची पिशवीबी भराया घेतली."

"मग?" सुलक्षणानं विचारलं.

"नको म्हणाली. म्हणाली, सही केल्यापास्नं आई जेवाया लागलीया."

चुलीतलं लाकूड मागं ओढलेलं होतं तरी धुमसत होतं. खाली रस्त्यावर जीपवाला प्रवासी गोळा करायला हॉर्न वाजवत होता. सुलक्षणाला आठवलं, सही व्हायच्या आधी महिनाभर तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. सगळे पोरीकडे बघत होते तेव्हा पोरगी आईकडे बघत होती.

"तुमी मला का न्हाई सांगितलं?" ती म्हणाली.

"तिनं नको म्हटलं म्हणून. आणि मी बाप, तिचं ऐकलं. ऐकाया नको व्हतं. पिशवी भरून उचलून आणाया पायजे व्हतं. तुझ्या पिठापरीस माझं गप बसणं थोरलं हाये." धनाजीनं देवळाच्या दिशेनं हात केला. "लोक म्हणत्यात देवावर रुसलाय. देवावर काय रुसू? देवळाकडनं गेलो की ती मला पायरीवर बसल्याली दिसती. गुडघ्यावर हनुवटी ठिवून बघत असती. तुला ऐकू येती, मला दिसती. म्हणून वळसा घालतो."

अकरा महिने एकाच घरात दोघं तिला अर्धी अर्धी वाटून घेऊन राहत होते, आणि एकानंही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. सुलक्षणाला रडू आलं नाही. तिला एवढंच वाटलं की हा माणूस रोज आपली करपलेली भाकरी खात होता तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.

संजीवनीनं हातातली पिशवी खाली ठेवली. ती परक्याच्या दुःखात सापडल्यासारखी अवघडली नव्हती. वॉर्डात राहिलेली बाई होती. ती म्हणाली, "प्रशिक मला रोज इचारतो. जेवलीस का, आई? मला वाटायचं, पोरगं मायाळू हाये."

"हायेच मायाळू," सुलक्षणा म्हणाली. "तेच तर भ्या हाये." मग तिनं पुढं होऊन संजीवनीचा हात धरला. "तू इचारलंस, परत सही करशील का. सहीचं मला खरंच सांगता येत न्हाई, संजीवनी. तिच्यामुळं तुझ्या पोराला निम्मंच औषध लागतंय, ते ऐकून मला वाईट वाटलं न्हाई असंबी म्हणवत न्हाई, आणि नुसतं वाईट वाटलं असंबी न्हाई. पण ती वेळ परत आली तर तिला खरंखुरं इचारू दीन. त्या खोलीतनं भाईर जाईन, दार लावीन, आणि मग इचाराया सांगीन. माझं तोंड तिला दिसाया नको."

"उद्या दहाला कसं जमायचं ते?" संजीवनी जणू स्वतःशीच बोलली. "माझं तोंड त्याला पंधरा दिवस दिसतंच हाये. भाकरीचा तुकडा मोडते आन् ताट सारते. त्यानं सगळं बघितलं असणार." तिनं मोबाईल काढला, दवाखान्यातल्या ताईंचा नंबर लावला आणि उभ्या उभ्याच बोलली. उद्या नको, चार दिवस द्या, पोराशी बोलायचं राहिलंय. पलीकडून हो म्हणाले असावेत. तिनं मोबाईल ठेवला, पदर खोचला आणि चुलीसमोर येऊन मांडी घालून बसली.

"वाढा मला, ताई. हितं पोटभर जेवते. रात्री त्याच्यासमोर जेवते, उद्या जेवते, परवा जेवते. चार दिवस त्याला बघू दे. मग इचारते."

सुलक्षणानं लाकूड पुढं सारलं. भाकरी थापली. धनाजीनं स्वतः उठून ताट घेतलं, पिठलं वाढलं, कांदा फोडला. संजीवनी खाली मान घालून जेवत होती. पहिले दोन घास तिला जाईनात; तिनं ते पाण्याबरोबर उतरवले. तिसरा गेला. हॉर्न वाजवून जीप निघून गेली तरी कुणी तिला उठवलं नाही.

सुलक्षणा समोर बसून तिचा एकेक घास बघत होती. दवाखान्यात दुपारचा डबा आला की ती बाहेर कठड्याशी जाऊन खायला बघायची, औषधांच्या वासात पोरीसमोर खाणं तिला बरं वाटायचं नाही. स्नेहल जाऊ द्यायची नाही. म्हणायची, "बाहेर नको, आई. इथंच बसून जेव." सुलक्षणाला वाटायचं, पोरीला एकटीला भीती वाटते. म्हणून चार महिने ती रोज त्या कॉटच्या कडेला बसून, पोरीकडे तोंड करून, डबा संपवत होती.